गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मक्तेदारीचा खटला: शेअर धरायचा की सोडायचा?

प्रश्न: आमच्या गुंतवणूक गटात गूगलची मूळ कंपनी असलेल्या अल्फाबेटच्या शेअरवरून दोन तट पडले आहेत. एका बाजूचं म्हणणं असं की, न्यायालयानं गूगलला मक्तेदार ठरवलंच आहे, तेव्हा आता विकून मोकळं व्हावं. दुसरी बाजू म्हणते, कंपनीचे तुकडे झाले तर उलट फायदाच होईल, स्टँडर्ड ऑइलच्या भागधारकांचा झाला तसा. बरोबर कोण? आणि गूगलकडून दरवर्षी अब्जावधी डॉलर घेणाऱ्या अॅपलचं यात काय होतं?

उत्तर:

तुमच्या गटातल्या दोन्ही बाजू निकालावर भांडताहेत, पण शेअरचा भाव ठरतो तो उपायावर. खटल्यात अडकलेल्या कंपन्यांचं मूल्यमापन हे माझं अनेक वर्षांचं काम आहे. या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे चांगल्या जाणत्या माणसांनी भलत्या दिवशी शेअर विकलेले मी पाहिले आहेत, आणि भलत्या कारणासाठी धरून ठेवलेलेही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अमेरिकेत १८९० च्या शर्मन कायद्याच्या दुसऱ्या कलमाखाली सरकारनं कंपनीवर लावलेला असा दावा दिवाणी असतो आणि त्याचं काम दोन टप्प्यांत चालतं. कंपनीनं आपली मक्तेदारी बेकायदा मार्गानं टिकवली का, एवढंच पहिल्या टप्प्यात ठरतं. त्यावर करायचं काय, म्हणजे उपाय कोणता, हे दुसऱ्या टप्प्यात. मधे वर्षभर सहज जातं. गूगलच्या सर्चवरचा दावा २० ऑक्टोबर २०२० ला दाखल झाला, सुनावणी सप्टेंबर २०२३ मध्ये उभी राहिली, गूगल मक्तेदार असल्याचा निकाल न्यायाधीश अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ ला दिला आणि उपायांचा निकाल आला २ सप्टेंबर २०२५ ला. दावा लागल्यापासून उपाय समजेपर्यंत जवळपास पाच वर्षं. या पाच वर्षांत ज्यांनी फक्त पहिल्या टप्प्याच्या बातम्या वाचल्या, त्यांनी पुस्तकाचं मुखपृष्ठ पाहून किंमत ठरवली.

दंडाच्या आकड्यांवरही फार वेळ घालवू नका. युरोपियन आयोगानं गूगलला २०१७ मध्ये २.४२ अब्ज युरो आणि २०१८ मध्ये ४.३४ अब्ज युरो दंड ठोठावला. दुसरा पुढं न्यायालयानं थोडा कमी केला. आकडे ऐकायला प्रचंड वाटतात. पण अल्फाबेटचा २०२४ या एका वर्षाचा निव्वळ नफा १०० अब्ज डॉलरच्या वर होता. एकदाच भरायचा दंड अशा कंपनीच्या मूल्याला ओरखडाही काढत नाही. मूल्य बदलतं ते धंदा करण्याच्या पद्धतीवर कायमची बंधनं आली तर.

मग या खटल्यातली खरी बंधनं कोणती असू शकत होती? इथं थोडी आकडेमोड करावीच लागेल, कारण तुमच्या वादाचं उत्तर तिच्यातच आहे.

सरकारचा मुख्य आक्षेप डिफॉल्टच्या करारांवर होता. फोनमध्ये किंवा ब्राउझरमध्ये आधीपासून गूगलच बसवलेलं असावं, यासाठी गूगल फोन कंपन्यांना, मोबाइल सेवा कंपन्यांना आणि ब्राउझर बनवणाऱ्यांना पैसे देत होतं. २०२१ मध्ये ही रक्कम २६.३ अब्ज डॉलर होती. २०२२ मध्ये एकट्या अॅपलला सुमारे २० अब्ज मिळाले. सुनावणीत असंही बाहेर आलं की, अॅपलच्या सफारी ब्राउझरमधून होणाऱ्या सर्चवर गूगलला जाहिरातींचं जे उत्पन्न मिळतं, त्यातला ३६ टक्के वाटा अॅपलला जातो. दोन्ही कंपन्यांनी हा आकडा तोवर गुप्त ठेवला होता.

आता समजा न्यायालयानं हे पैसे देण्यावर सरसकट बंदी घातली असती. बहुतेकांना वाटतं तो गूगलला सगळ्यांत मोठा फटका ठरला असता. नीट पाहा. सफारीतून १०० डॉलर आले तर गूगल ३६ अॅपलला देतं आणि इतर खर्चांपूर्वी ६४ आपल्याकडे ठेवतं. बंदीनंतर द्यायचे शून्य. म्हणजे सफारीतलं ६४ टक्क्यांहून जास्त उत्पन्न टिकलं, तर गूगल आधीपेक्षा फायद्यातच राहील. तोटा व्हायला एक तृतीयांशाहून अधिक उत्पन्न दुसरीकडे वळावं लागेल.

तेवढं वळलं असतं का? इथं खरा मतभेद संभवतो आणि दोन्ही बाजूंना पुरावा आहे. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरवर बिंग डिफॉल्ट असतं आणि तिथले सुमारे ८० टक्के सर्च बिंगवरच होतात, हे निकालातच नोंदलेलं आहे. डिफॉल्टची ताकद दाखवायला याहून बोलका आकडा नाही. उलट बाजूनं पाहिलं तर मोझिलानं २०१४ मध्ये आपल्या फायरफॉक्स ब्राउझरवर याहू डिफॉल्ट केलं, बरेच वापरकर्ते स्वतःहून गूगलकडे परतले आणि २०१७ मध्ये मोझिलाही परतलं. युरोपात अँड्रॉइडवर कुठलं सर्च हवं ते विचारणारा निवडीचा पडदा आला, तरी गूगलचा वाटा फारसा हलला नाही. माझं मत विचाराल तर लोक आळसानं डिफॉल्ट बदलत नाहीत हे खरं असलं, तरी ज्या सर्चची सवय झाली आहे ते हिरावून घेतलं की हाच आळशी माणूस दोन मिनिटं खर्च करून ते परत आणतो. आणि बंदी आली तरी अॅपल बिंगला डिफॉल्ट करून आपल्या ग्राहकांना नाराज करेल, असं मला कधीच वाटलं नाही.

म्हणून पैसे देण्यावरची बंदी ही गूगलपेक्षा पैसे घेणाऱ्यांसाठी मोठी धमकी होती. मेहतांच्या सप्टेंबर २०२५ च्या निकालातही हा मुद्दा आहे. पैसे थांबवले तर अॅपल, मोझिला आणि फोन बनवणाऱ्यांचं नुकसान होईल, हे त्यांनी विचारात घेतलं आणि पैसे देण्याला मुभा ठेवली. मज्जाव केला तो फक्त गूगलच असावं अशी अट घालणाऱ्या करारांना. डिफॉल्टचे करार एका वर्षापुरते झाले. पात्र ठरणाऱ्या स्पर्धकांना सर्चचा काही डेटा द्यावा लागणार. देखरेखीसाठी तांत्रिक समिती आणि एकूण मुदत सहा वर्षं. गूगलचा ब्राउझर क्रोम विकण्याची सरकारची मागणी फेटाळली गेली. दुसऱ्या दिवशी अल्फाबेटचा शेअर सुमारे ९ टक्के वर गेला.

इथं तुमच्या दुसऱ्या तटाकडे वळते. तुकडे झाले की मूल्य मोकळं होतं, हा सिद्धांत गुंतवणूकदारांना फार आवडतो आणि त्याला इतिहासाचा आधारही आहे. स्टँडर्ड ऑइल १९११ मध्ये ३४ कंपन्यांत फुटली आणि पुढं तिच्या भागधारकांची संपत्ती वाढली. टेलिफोन कंपनी एटी अँड टी १ जानेवारी १९८४ ला विभागली गेली. दर दहा शेअरमागे सात प्रादेशिक कंपन्यांचा प्रत्येकी एक शेअर मिळाला आणि मूळ शेअरही हातात राहिला. पण या दोन्ही उदाहरणांत तुकडे भागधारकांच्याच खात्यात आले आणि प्रत्येक तुकडा स्वतःच्या कमाईवर उभा राहू शकणारा होता. एखाद्या तुकड्याची बाजारानं चुकीची किंमत लावली, तरी सगळे तुकडे तुमच्याकडेच असल्यानं तुमचं बिघडत नव्हतं.

क्रोमचं तसं नव्हतं. सरकारची मागणी गूगलनं क्रोम विकण्याची होती, भागधारकांना वाटून देण्याची नव्हे. मोबदला म्हणून गूगलच्या तिजोरीत रोकड आली असती. ऑगस्ट २०२५ मध्ये पर्प्लेक्सिटी या एआय कंपनीनं क्रोमसाठी ३४.५ अब्ज डॉलरची बोली लावली होती. तेव्हा अल्फाबेटचं बाजारमूल्य दोन लाख कोटी डॉलरच्या वर होतं, म्हणजे बोली त्याच्या दोन टक्क्यांहून कमी. शिवाय क्रोमला स्वतःची म्हणावी अशी मोठी कमाई नाही. त्याचं मोल आहे ते लोकांना गूगलच्या सर्चपर्यंत आणण्यात. ते दुसऱ्याच्या हाती गेलं की गूगलचा रस्ता जातो आणि विकत घेणाऱ्याला तो रस्ता चालवण्यासाठी पुन्हा कुणाकडून तरी पैसे घ्यावे लागतात, बहुधा गूगलकडूनच. यात मोकळं होण्यासारखं मूल्य मला कुठं दिसलं नाही. तेव्हा ही बाजू स्टँडर्ड ऑइलचा दाखला देत असेल, तर तो दाखला इथं लागू पडत नाही.

एटी अँड टीमधली आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. विभागणीच्या वेळी भविष्य मूळ एटी अँड टीचं आहे, असा अनेकांचा कयास होता. तिच्याकडे दूरच्या अंतराची सेवा होती, उपकरणांचा कारखाना होता, संगणकांच्या धंद्यात उतरायची मोकळीक होती. प्रादेशिक कंपन्यांकडे उरलं होतं घराघरांत जाणाऱ्या तारांचं जाळं. २००५ मध्ये त्याच सातांपैकी एक असलेल्या एसबीसीनं मूळ एटी अँड टी विकत घेतली आणि तिचंच नाव धारण केलं. तुकडे झाल्यावर कुठला सोन्याचा निघेल हे आधी ओळखणं तुमच्या आमच्यासाठीच काय, कंपनी चालवणाऱ्यांसाठीही सोपं नसतं.

आता विकून मोकळं व्हा म्हणणाऱ्यांकडे. त्यांचा आवडता दाखला मायक्रोसॉफ्टचा असतो आणि तो त्यांनी पूर्ण वाचावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मायक्रोसॉफ्टवर दावा लागला १८ मे १९९८ ला. विंडोजच्या जोरावर नेटस्केपचा ब्राउझर चिरडल्याचा आरोप होता. त्यानंतर शेअर पडायला हवा होता. डिसेंबर १९९९ पर्यंत तो दुपटीहून जास्त झाला. मधे ५ नोव्हेंबर १९९९ ला न्यायाधीश थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी कंपनीच्या विरोधात अत्यंत कडक तथ्यनिष्कर्ष दिले, तरी शिखर आलं ते त्याच्यानंतर. मग न्यायाधीश रिचर्ड पोझनर यांची सरकार आणि कंपनी यांच्यातली मध्यस्थी १ एप्रिल २००० ला फसली आणि सोमवारी ३ एप्रिलला शेअर सुमारे १४ टक्के कोसळला. कायदा मोडल्याचा निकाल त्याच दिवशी बाजार बंद झाल्यावर आला. ७ जूनला कंपनी दोन भागांत तोडण्याचा आदेश निघाला. २००० साल संपताना शेअर जवळपास तिथंच होता जिथं तो दावा दाखल झाला तेव्हा होता. इथंच थांबलात तर खटल्यानं कंपनी बुडवली असंच वाटेल.

पण २८ जून २००१ ला वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी एकमतानं तोडण्याचा आदेश रद्द केला. मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा ठपका त्यांनी कायम ठेवला, उपाय मात्र फेटाळला. सप्टेंबरमध्ये सरकारनं तोडण्याची मागणीच सोडून दिली, २ नोव्हेंबर २००१ ला तडजोड झाली आणि वर्षभरानं न्यायाधीश कॉलीन कोलर-कोटेली यांनी तिला मान्यता दिली. विंडोज आणि ऑफिस एकाच कंपनीत राहिले.

आणि शेअर? १९९९ चं शिखर त्यानं पुन्हा पार केलं ते २०१६ मध्ये. खटल्याची टांगती तलवार गेली तरी भाव दीड दशक परतला नाही. मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट हीच वाटते. शिखराला शेअर वार्षिक कमाईच्या सत्तरपटीहून जास्त भावात विकला जात होता. जून १९९९ ला संपलेल्या वर्षात निव्वळ नफा ७.८ अब्ज डॉलरच्या आसपास होता, जून २०१० च्या वर्षात तो १८.८ अब्जांवर गेला. नफा दुपटीहून वाढला आणि शेअर शिखराच्या निम्म्याहून खाली. भागधारकांचं खरं नुकसान त्यांनी मोजलेल्या किमतीनं केलं. ३ एप्रिल २००० लासुद्धा नॅस्डॅक निर्देशांक एका दिवसात सातेक टक्के खाली होता. इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटत होता आणि मायक्रोसॉफ्टच्या पडण्यातला खटल्याचा वाटा किती आणि फुग्याचा किती, हे वेगळं काढल्याशिवाय त्या १४ टक्क्यांना काही अर्थ नाही.

हीच काळजी गूगलच्या बाबतीत घ्या. ५ ऑगस्ट २०२४ ला मक्तेदारीचा निकाल आला त्या दिवशी अल्फाबेट चार टक्क्यांहून जास्त पडला. पण त्याच दिवशी जपानी येनमध्ये स्वस्त कर्ज काढून केलेले गुंतवणुकीचे व्यवहार उलटल्यामुळे जगभरचे बाजार कोसळले होते आणि एस अँड पी ५०० निर्देशांक स्वतःच ३ टक्के खाली होता. बाजार वजा केला तर इतक्या ऐतिहासिक निकालाचा वाटा एक-दीड टक्क्यावर येतो.

मायक्रोसॉफ्टच्या खटल्यात आणखी एक धागा होता, जो काळजीपूर्वक वाचणाऱ्याला आधीच दिसू शकत होता. अपिलात तथ्यांचे निष्कर्ष सहसा हलत नाहीत, कारण साक्षी ऐकलेल्या न्यायाधीशाचं मत वरचं न्यायालय उघड चूक असल्याशिवाय बदलत नाही. कायद्याचा अर्थ मात्र ते नव्यानं तपासतं. जॅक्सन यांनी कंपनी तोडण्याचा आदेश उपायांवर स्वतंत्र पुरावा न ऐकताच दिला होता आणि अपील न्यायालयानं नेमकं त्यावर बोट ठेवलं. तुकडे होणारच असं धरून २००० च्या जूनमध्ये भाव लावणाऱ्यांनी आदेशाची बातमी वाचली, आदेश कसा दिला गेला हे वाचलं नाही. मेहता यांनी उपायांसाठी २०२५ च्या एप्रिल-मेमध्ये वेगळी सुनावणी घेतली, साक्षी नोंदवल्या. शिवाय ते वॉशिंग्टनच्याच जिल्हा न्यायालयात बसतात, म्हणजे २००१ चा मायक्रोसॉफ्टचा निर्णय त्यांच्यावर बंधनकारक. गैरवर्तन आणि मक्तेदारी यांच्यातला कार्यकारणसंबंध ठळक असल्याशिवाय कंपनीची रचना मोडू नये, ही त्या निर्णयाची दिशा होती. क्रोम विकावं लागेल याची शक्यता म्हणूनच मला पहिल्यापासून कमी वाटत होती.

बाजार ही शक्यता किती धरत होता? हे काढायची एक साधी रीत आहे. समजा उपायाचा धोका नसता तर कंपनीचं मूल्य १०० आणि सर्वांत वाईट उपायानंतर ७५. हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत. बातमीनंतर शेअर ५ टक्के पडला, तर बाजार म्हणतोय की वाईट शक्यता २० टक्क्यांनी वाढली, कारण २५ चा पाचवा हिस्सा ५. नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारनं क्रोम विकण्याची मागणी रीतसर दाखल केली, त्याच्या दुसऱ्या दिवशी शेअर जवळपास ५ टक्के खाली आला. स्वतःला विचारायचं एवढंच: सरकारनं मागितलं म्हणून न्यायालय देण्याची शक्यता एका रात्रीत खरंच इतकी वाढली का? वादी नेहमी जास्तच मागतो आणि ही मागणी येणार हे आधीच छापून आलं होतं. अशा वेळी बाजार घाबरून जास्त सवलत देतो आणि काम करण्यासारखी जागा तिथं असते. ७५ हा आकडा तुम्ही कुठून आणला, यावर मात्र सगळं अवलंबून आहे. तो गटात बसून एकदा प्रामाणिकपणे काढा. तुमच्या दोन्ही तटांकडे तो आकडा नसावा, असं प्रश्नावरून वाटतं.

त्या काळात शेअर किती स्वस्त होता, हेही पाहा. एप्रिल २०२५ च्या मध्याला भाव १५० डॉलरच्या आसपास होता आणि २०२४ ची प्रतिशेअर कमाई ८.०४ डॉलर, म्हणजे एकोणीसपटीच्याही थोडा खाली. सत्तरपट मोजून खटल्यात शिरणं आणि एकोणीसपट मोजून शिरणं यांची तुलनाच होत नाही. पहिल्यात वाईट बातमीला जागा नव्हती. दुसऱ्यात बरीचशी वाईट बातमी भावात आधीच धरलेली होती.

तरीही एका दिवसाबद्दल वेगळं सांगायलाच हवं, कारण माझ्या दृष्टीनं सगळ्या खटल्यातला गुंतवणूकदारासाठी सर्वांत महत्त्वाचा दिवस तोच. ७ मे २०२५. उपायांच्या सुनावणीत अॅपलचे वरिष्ठ अधिकारी एडी क्यू यांनी साक्षीत सांगितलं की एप्रिलमध्ये सफारीतले सर्च पहिल्यांदाच घटले आणि त्याचा संबंध त्यांनी एआयच्या वापराशी जोडला. अल्फाबेट त्या दिवशी ७ टक्क्यांहून जास्त पडला. मक्तेदारीच्या निकालापेक्षा जास्त, क्रोमच्या मागणीपेक्षा जास्त. गूगलनं लगेच खुलासा केला की, अॅपलच्या उपकरणांसह एकूण सर्च वाढतच आहेत. वाद कायद्याचा चालू होता आणि बाजाराला भीती वाटली ती धंद्याची. आणि ती भीती अगदी योग्य जागी होती. लोकांनी प्रश्न विचारायची सवयच बदलली तर डिफॉल्टचे करार, क्रोम, डेटा या कशालाच पूर्वीइतकी किंमत राहत नाही. योगायोग असा की, याच एआयच्या स्पर्धेमुळे उपाय सौम्य झाले. खटल्याची दिशा त्यामुळे बदलली, असं मेहतांनी निकालात स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे जी गोष्ट धंद्याला धोका होती तिनंच खटल्यातला धोका कमी केला. तुम्ही आज अल्फाबेट धरून असाल, तर तुमचा खरा प्रश्न हा आहे आणि तो कुठल्याही न्यायालयात सुटणार नाही.

आणखी एक फायदा सांगते. न्यायालयात कंपन्यांना जे बोलावं लागतं ते त्या वार्षिक अहवालात कधी लिहीत नाहीत. ३६ टक्के, २० अब्ज, २६.३ अब्ज हे तीनही आकडे खटल्यामुळेच आपल्या हाती आले. एखादा शेअर तुमच्याकडे असेल आणि त्या कंपनीवर खटला चालू असेल, तर बातम्या कमी वाचून निकालपत्र आणि साक्षी वाचा. कंटाळवाणं असतं, पण त्या कंपनीबद्दल इतकी माहिती दुसरीकडे कुठंच मिळत नाही.

खटला संपला की त्याची शेपटी राहते, ती थोडक्यात. सरकारनं सिद्ध केलेल्या मक्तेदारीचा आधार घेऊन खासगी कंपन्या आणि ग्राहक नुकसानभरपाईचे दावे लावतात आणि अमेरिकन कायद्यात ती भरपाई तिप्पट असू शकते. मायक्रोसॉफ्टनं २००३ मध्ये एओएलला ७५ कोटी डॉलर दिले, २००४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सशी पेटंटसकट १.९५ अब्जांत मिटवलं, त्याच वर्षी नोव्हेलला ५३.६ कोटी, तर २००५ मध्ये रिअलनेटवर्क्सशी ७६.१ कोटींचा समेट. कंपनीकडे २००४ मध्ये पन्नास अब्जांहून जास्त रोकड होती, त्यामुळे धंद्याला धक्का लागला नाही. गूगलच्या बाबतीतही मी या दाव्यांसाठी काही रक्कम बाजूला धरते, पण तिच्यापायी शेअर विकत नाही.

गूगलवरचा दुसरा खटलाही विसरू नका. जाहिरात तंत्रज्ञानाच्या प्रकरणात न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी १७ एप्रिल २०२५ ला गूगलविरुद्ध निकाल दिला. गंमत पाहा, त्या दिवशी शेअर दीड टक्क्याच्या आसपासच हलला. कारण इतरांच्या संकेतस्थळांवर जाहिराती दाखवण्याचा धंदा २०२४ मध्ये अल्फाबेटच्या ३५० अब्जांच्या उत्पन्नातला सुमारे ३० अब्जांचा होता, त्यातलाही मोठा वाटा संकेतस्थळांना द्यावा लागतो आणि हा धंदाच गेली काही वर्षं आक्रसत आहे. हा भाग विकावा लागला तरी भागधारकाला झोप उडवून घ्यायचं कारण नाही. एकाच कंपनीवरचे दोन खटले, दोन्हींत मक्तेदारी सिद्ध, आणि मूल्यावर परिणाम अगदी वेगळा. विकून टाका म्हणणाऱ्या मित्रांना हे जरूर दाखवा.

तेव्हा मक्तेदार ठरली म्हणून विका हे कारण मला मान्य नाही आणि तुकडे होऊन फायदा होईल म्हणून धरा हेही नाही. मी अशा शेअरमध्ये एवढंच पाहते की सर्वांत वाईट उपाय खरंच आला, तर माझ्या एकूण गुंतवणुकीचा किती भाग जातो. तो सोसण्याइतका असेल, तर आजच्या भावाला धंदा स्वस्त आहे का याच प्रश्नावर निर्णय घेते. सोसण्यापलीकडचा असेल तर हिस्सा कमी करते, खटल्याबद्दल माझं मत कितीही अनुकूल असलं तरी. शेअर घटवताना निकालाच्या आदल्या आठवड्याची वाट पाहू नये, तेव्हा भाव पडण्यापासून संरक्षण देणाऱ्या ऑप्शनच्या करारांपासून सगळंच महाग झालेलं असतं.

राहिलं अॅपल. त्याचा भाग मला गूगलपेक्षा जास्त नाजूक वाटतो. वर्षाला २० अब्ज डॉलर, ज्यासाठी कारखाना लागत नाही, माल लागत नाही, जवळपास सगळा नफाच. सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर अॅपलचा शेअर जवळपास ४ टक्के वर गेला तो हे पैसे वाचले म्हणून. पण आता करार एका वर्षाचे आहेत, फक्त गूगलच ठेवण्याची अट घालता येत नाही आणि वाटाघाटीत गूगलसमोर एआय कंपन्याही बसणार. जास्त गिऱ्हाइकं आली तर अॅपलला अधिक पैसे मिळू शकतात. लोक सफारीतून प्रश्न विचारणंच कमी करत गेले, तर ३६ टक्के वाटा कायम राहूनही रक्कम घटेल. शिवाय अॅपलवर सरकारचा स्वतंत्र मक्तेदारीचा दावा मार्च २०२४ पासून न्यू जर्सीत आहेच, आणि तो आयफोनच्या धंद्यालाच हात घालणारा आहे. तुमच्या गटात अॅपलही असेल, तर अल्फाबेट आणि अॅपल हे दोन वेगळे शेअर धरून हिशेब करू नका. सर्चच्या पैशापुरते ते एकाच नळाच्या दोन टोकांना आहेत, आणि हा धोका तुम्ही आज दोनदा घेतलेला असू शकतो.